टोकाच्या घराची फेरतपासणी

गोरक्ष भामरेचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारण्यात गेलं. तुमच्याकडे पाणी कुठून येतं, बाळाला वरचं खायला कधी सुरू केलं, दात कशाने घासता, मत कुणाला देणार, सरकारने बांधून दिलेलं शौचालय वापरता की त्यात सरपण ठेवता. एक सर्व्हे संपला की दुसरा, एक संस्था गेली की दुसरी. पक्की नोकरी अशी त्याला कधी लागलीच नाही, पण नाशिक जिल्ह्यात सर्व्हेचं काम काढणारा कुणीही आला की आधी गोरक्षला फोन जायचा. उन्हातान्हात हिंडायला तयार, कुत्र्यांना न घाबरणारा, आणि मुख्य म्हणजे फॉर्म झाडाखाली बसून न भरणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. या धंद्यात ही ख्याती म्हणजे सगळं काही. ती गेली की माणूस संपला.

लोक खोटं बोलतात असं गोरक्ष कधी म्हणत नसे. लोक समोरच्याला बरं वाटेल ते सांगतात, असं म्हणे. बाईला विचारलं, रोज भाजी खाता का, तर ती हो म्हणणारच, कारण नाही म्हणायला तिला लाज वाटते. म्हणून तो उत्तर ऐकून लगेच लिहीत नसे. थोडा थांबे, घोटभर पाणी मागे, छपराकडे बघे, आणि मग तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारी. तेवढ्यात खरं काय ते आपोआप बाहेर येई.

असा हा गडी जगातल्या कुणाच्याही पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नसे, आणि तरी रोज संध्याकाळी एक उत्तर मात्र न तपासता घेत असे. ते उत्तर त्याच्या आत्याचं.

कुसाबाई ही त्याची आत्या. नामपूरला बाजार समितीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. गोरक्षची आई तो रांगत असतानाच गेली, बापाने दुसरा संसार मांडला, आणि विधवा होऊन माहेरी आलेल्या या बाईने शिलाई मशीनवर त्याला वाढवलं. सटाण्याच्या कॉलेजात शिकवलं. पुढे गोरक्ष नाशिकला आला, सिडकोत भाड्याने राहू लागला, उज्वलाशी लग्न झालं, सृष्टी झाली. आत्याला बोलावलं नाही असं नाही. पण बोलावण्याचेही प्रकार असतात, आणि गोरक्षचं बोलावणं ‘जागा लहान आहे, पण ये’ या जातीचं होतं. आत्या शहाणी. ती म्हणाली, मन्हं मशीन आठेच बरं, आणि तिने नामपूर सोडलं नाही.

मग रोज संध्याकाळी फोन. तो विचारायचा, “आत्या, बरी शे का?” ती म्हणायची, “बरी शे. तू जेवना का?” तो हो म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. वर्षानुवर्षं हेच. एका अक्षराचा फरक नाही. रोज तेच उत्तर मिळतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो धरून चालला होता. दिवाळीला जाऊन यायचा. गेल्या दिवाळीला तेही राहिलं.

शहरातल्या एका संस्थेने या हिवाळ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी काढली. म्हातारपणातला एकटेपणा मोजायचा. घरोघर जाऊन ठरलेले प्रश्न विचारायचे आणि टॅबवर ‘कधीच नाही’, ‘कधी कधी’ किंवा ‘नेहमी’ यांपैकी एकावर बोट ठेवायचं. निकिता म्हणून एक मुलगी या कामाची प्रमुख होती. पुण्यात वाढलेली, शिकलेली, पण डोक्यात हवा नसलेली. प्रशिक्षणाच्या दिवशी तिने समजावलं की काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडली जातील आणि पंधरवड्याने तिथे ती स्वतः जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारील. दोन्ही वेळची उत्तरं जुळली तर मोजमाप विश्वसनीय.

“पण एवढ्यावर भागत नाही,” ती म्हणाली. “उत्तर पुन्हा पुन्हा तेच येईल आणि तरी ते चुकीचं असेल. आपल्याला मोजायचं होतं एक, आणि आपण मोजतोय भलतंच, असंही होतं. कुणाला उदाहरण सुचतंय?”

गोरक्षला आत्याचा टेप आठवला. पिवळा, कडांना दोरे सुटलेला, वापरून वापरून ताणलेला टेप. तो ताणल्यामुळे नेहमी थोडं कमीच माप दाखवायचा. पण आत्या त्याच टेपने माप घ्यायची आणि त्याच टेपने कापड कापायची, त्यामुळे कपडे अंगाला अगदी नीट बसायचे. कुणी बाहेरून माप लिहून आणलं की मात्र घोटाळा. एकदा एका नवरीचं पोलकं असं सैल झालं की आत दुसरी नवरी मावली असती.

त्याने हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. निकिताला ते फार आवडलं. “माप घेणारा आणि कापणारा एकच टेप असला की चूक कळतच नाही,” ती म्हणाली आणि तिने ते लिहून घेतलं. गोरक्षही खूश झाला. आपण रोज संध्याकाळी कोणत्या टेपने माप घेतो, हे त्या वेळी त्याच्या डोक्यातही आलं नाही.

त्याच्या वाट्याला पेठच्या पलीकडचे डोंगरातले पाडे आले. दिवस द्राक्षांच्या हंगामाचे. पाड्यावरची धडधाकट माणसं बायकापोरांसह दिंडोरीकडच्या बागांवर कामाला गेलेली. करंजपाड्यावर तो पोचला तेव्हा दुपार टळत आली होती. दारं ओढून घेतलेली, अंगणं झाडलेली, आणि माणूस म्हणून एकटा पुंजा. पुंजा म्हणजे पाड्यावर मागे राहिलेली गुरं, शेळ्या सांभाळणारा म्हातारा. त्याने बोट दाखवून एकेका घराची हकिकत सांगितली. हे दिंडोरीला गेले, ते बी गेले.

“आणि ते टोकाचं घर?” गोरक्षने विचारलं.

“त्यात कोनी नाय. म्हातारी होती, ती कवाच मेली. पोरांनी दार लावून टाकलंय.”

पाड्यावर एकटं राहणारं एक म्हातारं माणूस गाठायचंच, असा नियम होता. पुंजा लेकासुनांत राहणारा, तो त्यात बसत नव्हता. नाही मिळालं तर निकिताला कळवायचं, दुसरा पाडा ठरवून घ्यायचा आणि पुन्हा यायचं. फोनला रेंज नव्हती. खालच्या रस्त्यावरून शेवटची जीप निघायची वेळ झाली होती. सृष्टीला ताप होता आणि उज्वलाने सकाळीच बजावलं होतं की आज लवकर या. गोरक्ष टोकाच्या घराच्या ओट्यावर टेकला. टॅबमध्ये जागेची नोंद आपोआप पडते, ती पडली. आणि या गड्याने, ज्याने कधी झाडाखाली फॉर्म भरला नव्हता, त्याने पहिल्यांदा तो भरला.

नाव घातलं भागीबाई. वय आत्याचं घातलं, कारण तेच तोंडात आलं. पुढची उत्तरं कशीही ठोकून द्यायची असं त्याने ठरवलं होतं. पण बोट कसंही पडेना. एकटं वाटतं का? नेहमी. दिवसभरात कुणाशी बोलणं होतं का? कधीच नाही. जेवताना ताट वाढून तसंच ठेवून द्यावंसं वाटतं का? नेहमी. आपण नसलो तर कुणाला कळेल असं वाटतं का? कधीच नाही. गेल्या आठवड्यात कुणी भेटायला आलं का? नाही. शेवटी ‘इतर काही’ म्हणून मोकळी जागा होती, तिथे त्याने लिहिलं, संध्याकाळी फोनची वाट बघते.

ही उत्तरं आपल्याला कुठून सुचली, असं त्याने स्वतःला विचारलं नाही. टॅब बंद करून तो उठला. उठताना त्याला वाटलं, बंद दारामागे कुणीतरी कूस बदलली. घूस असेल, असं म्हणून तो जवळजवळ पळतच जीप गाठायला निघाला.

पंधरवड्याने फेरतपासणीची घरं निघाली. त्यात करंजपाड्याची भागीबाई होती.

गोरक्षचं पाणी पाणी झालं. खोटं माणूस उभं केलं म्हणजे नुसतं हे काम जाणार नव्हतं. नाशिकमध्ये पुन्हा कुणी त्याला दारात उभं केलं नसतं. घरी सांगायची सोय नव्हती. उज्वलाने विचारलं, जेवत का नाही, तर म्हणाला, भूक नाही. त्यात निकिताचा फोन, “मला तिकडची वाट माहीत नाही, तुम्ही फक्त घर दाखवायला चला. नियमाप्रमाणे आत यायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही, हं.”

घाट चढताना त्याने खरं सांगून टाकायचं तीनदा मनात आणलं. एकदा तर त्याने “मॅडम” म्हणून सुरुवातही केली. निकिताने वळून बघितलं. मग तो म्हणाला, “खिडकीची काच वर घ्या, पुढे धूळ लागेल.” दुसरं काही त्याच्याने बोलवेना. घराला कुलूपच दिसेल, मग म्हातारी पोरांकडे गेली असेल म्हणता येईल, एवढाच एक आधार त्याने धरला होता.

पाडा तसाच. ओढलेली दारं, झाडलेली अंगणं. मोहाच्या झाडांची पानं गळून पडलेली. भर दुपारी सावली अशी कुठे नव्हतीच. पुंजा शेळ्या घेऊन झाडाखाली बसला होता. गोरक्ष काही बोलायच्या आत निकिताने त्याला विचारलं, “बाबा, त्या टोकाच्या घरात भागीबाई राहतात ना?”

पुंजा म्हणाला, “हाय ना. म्हातारी हाय. जा, घरातच असंल.”

गोरक्षने त्याच्याकडे बघितलं. पुंजाच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. तो एका करडाच्या पायातला काटा काढत होता.

टोकाच्या घराचं दार उघडं होतं. ओटा ताजा सारवलेला. कौलांतून धूर निघत होता. गोरक्षचे पाय ओट्याच्या कडेला थांबले. निकिता चपला काढून आत गेली. बाहेर उन्हाचा एवढा झोत होता की आत नुसता काळोख दिसत होता. काळोखात एक काळोख बसला होता, आणि त्याचे दोन हात तेवढे दारातल्या उजेडात आलेले. म्हाताऱ्या बाईचे हात. सुईने भोकं पडून पडून निबर झालेली तर्जनी.

“ये माय, बठ,” आतून आवाज आला. “काय इचारनं ते इचार.”

गोरक्षने कान टवकारले. पेठच्या डोंगरात कुणी असं बोलत नाही. इथली बोली वेगळी, तिचा हेल वेगळा. हे बोलणं नामपूरचं होतं. सटाणा ओलांडून मोसम नदीच्या काठाला जावं, तेव्हा ते कानावर पडतं. निकिताला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी डोंगरातली म्हातारी डोंगरातलं बोलत होती.

ती प्रश्न वाचू लागली. एकटं वाटतं का?

“एकलीच शे, तं एकलं वाटी नही का? नेहमीच वाटस.”

दिवसभरात कुणाशी बोलणं होतं?

“कोनासंगे बोलू? कधीच नही.”

एकेक उत्तर येत होतं आणि गोरक्ष ते येण्याआधी ओळखत होता, कारण ते त्याचंच होतं. त्याने ज्या क्रमाने बोट ठेवलं होतं त्याच क्रमाने. तेवढंच असतं तरी त्याने कसंबसं निभावून नेलं असतं. पण म्हातारी त्याने न लिहिलेलंही सांगत होती. ताट वाढते, म्हणाली, आणि मशीनच्या फळीवर ठेवून देते. सकाळी ते कोंबड्यांना घालते. शेजारीण विचारते तेव्हा सांगते, पोटभर जेवले. निकिताने मान वर करून घरभर बघितलं. मशीन कुठे दिसलं नसावं. पण नियम असा की उत्तर मिळेल तसं घ्यायचं, आपलं मत घालायचं नाही. तिने घेतलं.

“आपण नसलो तर कुणाला कळेल, असं वाटतं का?”

 आत चुलीतलं लाकूड फुटलं.

“कसं कळी? सांजले फोन वाजी. मी उचलाव नही. तो म्हनी, झोपी गई व्हई.”

“फोन?” निकिताने हातातल्या मोबाइलकडे बघितलं. “इथे तर रेंजच नाही, आजी.”

“येस ना. रोज सांजले येस. तो इचारस, बरी शे का. मी सांगस, बरी शे. मंग तो ठेवी देस.”

“मग तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही?”

हा प्रश्न टॅबवर नव्हता. निकिताच्या तोंडून तो निघून गेला. काळोखातले हात हलले. मांडीवर काहीतरी होतं, ते बोटांभोवती गुंडाळलं जात होतं, पुन्हा सुटत होतं. पिवळं. कडांना दोरे सुटलेलं.

“तो तेवढंच इचारस ना, माय. जेवढं इचारस तेवढंच सांगानं.”

गोरक्षला ओट्यावर उभं राहवेना आणि तिथून हलवेना. दोन पावलं टाकली असती तर तोंड दिसलं असतं. त्याने ती टाकली नाहीत. नियम होता म्हणून नाही. त्याला भीती वाटली, आणि भुताची वाटली असती तर बरं झालं असतं. ते तोंड ओळखीचं निघेल याची त्याला भीती वाटली.

“आणि गेल्या आठवड्यात भेटायला कुणी आलं होतं?” निकिताने शेवटचा प्रश्न विचारला.

“नही.”

मग म्हातारी हळू आवाजात म्हणाली, “त्याले पानी दे. उन्हात उभा शे कधयना.”

निकिता तांब्या घेऊन बाहेर आली. गोरक्षने तो हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. पाणी तसंच ओट्यावर ठेवून तो पायवाटेला लागला.

निकिता मागून धावत आली ती आनंदाने. “गोरक्षभाऊ, सगळं जुळलं! एकही उत्तर इकडचं तिकडे नाही. इतकी पक्की मुलाखत मी आजवर बघितली नाही.” थोडं चालल्यावर मात्र तिचा आवाज उतरला. “तसं बघायला गेलं तर इतकं जुळायला नको. माणूस आहे, पंधरा दिवसांत थोडं इकडे तिकडे होतंच. आज पाय दुखतो, उद्या कुणी बोलून जातं. जिवंत माणसाचं उत्तर जरा तरी हलतं.” आणि मग स्वतःच हसली. “काय बोलतेय मी. ऊन लागलं.”

ती जीपकडे गेली. गोरक्ष पुंजाजवळ थांबला.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, त्या घरात कोणी नाही.”

“तवा नव्हतं.”

“मग ही कधी आली?”

“तुमी येऊन गेले ना, त्याच्या मागून,” पुंजा म्हणाला. “सांजेला पाहतो तं चूल पेटलेली. आमाला वाटलं, तुमीच आनून ठेवली.” करडाला खाली सोडून त्याने हात झटकले. “न्यायची असंल तं न्या बाबा. रातभर काय काय बोलत बसते एकटी. शेळ्या बुजत्यात.”

गोरक्षचं काम वाचलं होतं. खोटं पचलं होतं, वर शाबासकी मिळाली होती. दुसरा कुणी असता तर त्या संध्याकाळी पेढे घेऊन घरी गेला असता. गोरक्ष घरी गेला आणि फोन हातात घेऊन गॅलरीत बसला. नेहमीची वेळ झाली, तसा त्याने लावला.

“आत्या, बरी शे का?”

“बरी शे. तू जेवना का?”

तेच शब्द, तोच सूर. पण आज त्याने हो म्हणून ठेवून दिला नाही. अनोळखी माणसाच्या ओट्यावर बसून तो जसा थांबायचा तसा थांबला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. त्यामागे काहीतरी चुरचुरत होतं. आत्याकडे गॅस येऊन किती वर्षं झाली, आणि चुलीत लाकूड फुटावं तसा तो आवाज. मग आत्या म्हणाली, “मंग, ठेव,” आणि तिनेच फोन बंद केला.

सकाळी पहिल्या बसने तो सटाण्याला आणि तिथून नामपूरला गेला. कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीच्या दाराशी रांगेने उभे होते. त्यांच्यातून वाट काढत तो मागच्या गल्लीत शिरला. वाटेत त्याला फार वाईट वाईट दिसत राहिलं. दाराला आतून कडी असेल, शेजारी गोळा झाले असतील. दारापाशी आला तर दार उघडं होतं आणि आत्या मशीनसमोर बसून कुणाचा तरी परकर दुरुस्त करत होती. गोरक्षला रडू कोसळायचं तेवढं राहिलं. जिवंत होती बाई. वाळली होती, गालांची हाडं वर आली होती, पण होती.

तो उंबऱ्यावर उभा राहिला. मशीनच्या फळीवर एक ताट होतं. त्यात कालची भाकरी आणि पिठलं, बोटही न लावलेलं. त्याने नजर वळवली तर भिंतीवर ज्या खिळ्याला टेप असायचा तो खिळा रिकामा.

“आत्या, टेप कोठे शे?”

“कालपासून सापडत नही,” ती मान खाली घालूनच म्हणाली. “कोठे ठेवा काय माहीत.”

  जन्मभर ज्याने हजारोंना बोलतं केलं त्याला आपल्याच आत्याला काय विचारावं ते कळेना. शेवटी त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. उंबऱ्यावर उभ्या उभ्या तो पाहणीतले प्रश्न तिला विचारू लागला. एकटं वाटतं का, आत्या?

“नही रे. गल्ली भरेल शे मानसंनी.”

कुणाशी बोलणं होतं?

“व्हस ना. दिवसभर बायका येतस.”

जेवण जातं?

“पोटभर.”

प्रत्येक उत्तर काल ऐकलेल्याच्या बरोबर उलट. आणि सगळी एका सुरात, एका लयीत, इतक्या सरावाने की मधे श्वासही घ्यावा लागू नये. तो थांबला. पाणी मागावंसं वाटलं, पण काल ओट्यावर ठेवलेला तांब्या आठवला आणि त्याने ते मागितलं नाही.

“आत्या, खरं सांग ना वं,” तो म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला.

मशीन थांबलं. कुसाबाईने पहिल्यांदा वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नवलही नव्हतं.

“खरं तं काल सांगं ना,” ती म्हणाली. “त्या पोरले. समदं सांगं. तू दारमा उभा व्हतास. म्हनं, आज तरी ऐकस.”

बाहेर एका ट्रॅक्टरने जोरात हॉर्न दिला आणि मग तो आवाज दूर गेला. गोरक्षने चौकट धरली. 

“मी पानीबी धाडं,” आत्या म्हणाली. “तू पिना नही.”

तिने परकराचा दोरा दातांनी तोडला, सुई काढून ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन पाहणीला बसावं तशी बसली. पुढचा प्रश्न येईल म्हणून ती वाट बघत होती. एकच उरला होता.

“गेल्या आठवड्यात,” गोरक्षने विचारलं, “भेटाले कोनी उनं व्हतं का?”

आत्याने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या पायांकडे, उंबऱ्याच्या बाहेर असलेल्या त्याच्या पायांकडे बघितलं.

“आतेपावत तरी नही,” ती म्हणाली.

गोरक्षने वाकून चपला काढल्या आणि तो आत गेला.